आर्किओनचा महिन्याचा पास: गावाचं नाव हाती आल्यावरच घ्या

जर्मनीहून अमेरिकेत येऊन वसलेल्या मूळ पुरुषाचं घराणं त्याच्या जन्मगावापर्यंत मागे न्यायचं असेल, तर वंशजांना कधी ना कधी आर्किओनच्या दारात यावंच लागतं. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या अभिलेखागारांचं हे पोर्टल 2015 मध्ये सुरू झालं. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या जुन्या नोंदवह्यांची पानं तिथे छायाचित्रांच्या रूपात पाहायला मिळतात. सेवा उत्तम आहे, पैसे वसूल होतात. मात्र पहिल्याच दिवशी पास घेतला तर महिना फुकट जाण्याची शक्यताच जास्त. बहुतेक वह्यांना नावांची सूची नाही. शोध गावावरून घ्यायचा असतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या "आपले लोक हेसेनचे" किंवा "प्रशियाचे" एवढंच चालत आलं असेल, तर हजारो वह्यांपुढे नुसतं बसून राहावं लागतं.

म्हणून निम्मं काम पास घेण्याआधीचं, आणि तेही अमेरिकेतलं. त्यासाठी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळासारखी दुसरी जागा नाही. खातं फुकट आहे. जनगणनेच्या नोंदी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत जावं. सध्या खुली असलेली सगळ्यात अलीकडची जनगणना 1950 ची. 1900 च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला झालेली वर्षं आणि अमेरिकेत आल्याचं साल असे रकाने आहेत, म्हणून ती आधी गाठावी. 1890 ची बहुतांश जनगणना 1921 च्या आगीनंतर हातची गेली, तेव्हा 1880 ते 1900 ही वीस वर्षं दुसऱ्या कागदांनी भरून काढावी लागतात. घरातल्या प्रत्येकाचं नाव पहिल्यांदा येतं ते 1850 मध्ये. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे.

जनगणनेत जन्मस्थान म्हणून व्युर्टेम्बर्ग, बाडेन, बव्हेरिया असं राज्य मिळतं. गाव सहसा मिळत नाही. नागरिकत्वाच्या कागदांचंही तेच. सप्टेंबर 1906 च्या आधी हे काम कोणत्याही न्यायालयात व्हायचं आणि अर्जात "व्युर्टेम्बर्गच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो" एवढंच असायचं. त्यातून राज्य पक्कं होतं, आणि तेही कमी नाही. त्यानंतरच्या अर्जांत जन्मगाव विचारलेलं असतं.

गाव मिळण्याची खरी आशा चर्चमध्ये. मूळ पुरुष अमेरिकेत ज्या जर्मन लुथरन, रिफॉर्म्ड किंवा कॅथलिक चर्चला जात होता, तिथली दफनाची नोंद काढावी. पाद्री स्वतः जर्मन, मयताच्या मुलखाची माहिती असलेला, त्यामुळे गावाचं नाव तो आवर्जून आणि बरोबर लिहायचा. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीही पाहाव्यात, कारण साक्षीला उभे राहिलेले लोक पुष्कळदा त्याच गावचे निघतात. मूळ पुरुषाचं गाव सापडत नसेल तर त्या साक्षीदारांचं शोधावं. त्यानंतर जर्मन भाषेतल्या वृत्तपत्रांतली मृत्यूवृत्तं. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' संग्रहात ती फुकट वाचता येतात. ती जुन्या फ्राक्टूर ठशात छापलेली असल्यामुळे संगणकाने वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो. नावाने शोधून काही आलं नाही, तर मृत्यूनंतरच्या दोन आठवड्यांचे अंक डोळ्यांनी चाळावेत. अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्यांच्या निवृत्तिवेतनाच्या फायलीही पाहाव्यात.

थडग्यावरचा मजकूर तर बारकाईने वाचावाच. जर्मन थडग्यांवर जन्मतारखेऐवजी वय कोरायची पद्धत होती. समजा, मृत्यू 9 मार्च 1884 आणि वय 62 वर्षं, 3 महिने, 14 दिवस. आधी वर्षं वजा करायची: 9 मार्च 1822. मग महिने: 9 डिसेंबर 1821. मग दिवस: 25 नोव्हेंबर 1821. ही तारीख पुढे जर्मन वहीत जुळवून पाहायची आहे. दोन-तीन दिवसांचा फरक पडला तर घाबरू नये. वय काढणाऱ्याची बेरीज चुकते, किंवा बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून धरलेली असते.

जहाजांच्या याद्यांवर वंशज फार भिस्त ठेवतात. हँबर्गच्या याद्या 1850 ते 1934 पर्यंतच्या आहेत आणि त्यांत शेवटचं राहतं गाव मिळतं, म्हणून त्या सोन्याच्या मोलाच्या. ब्रेमेनच्या 1920 च्या आधीच्या याद्या जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. नैर्ऋत्य जर्मनीतले बरेच लोक फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून निघायचे. फिलाडेल्फियाच्या 1727 पासूनच्या याद्यांत निष्ठेची शपथ घेणाऱ्या सोळा वर्षांवरच्या पुरुषांची नावं आहेत, गावं नाहीत.

आडनावाचा घोळ सगळ्यांच्याच वाट्याला येतो. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रातल्या कारकुनाने नाव बदललं, ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट सोडून द्यावी. ते केंद्र 1892 मध्ये सुरू झालं आणि तिथले कारकून जहाजावरून आलेल्या यादीवर खुणा करत, नवी नावं लिहीत नसत. नाव बदललं ते शेजाऱ्यांत, शाळेत, दुकानाच्या पाटीवर. श्नायडरचे स्नायडर झाले, कोखचे कुक झाले, त्सिमरमानचे थेट कार्पेंटर झाले. जर्मन वहीत शोधताना मूळ रूप हवं.

गावाचं नाव मिळालं तरी ते ऐकून लिहिलेलं असतं. नैर्ऋत्येकडच्या बोलीत 'ब' आणि 'प', 'ड' आणि 'ट', 'ग' आणि 'क' एकमेकांत मिसळतात, आणि अमेरिकन लेखनिकाने त्यात आपली भर घातलेली असते. ट्युबिंगनचं 'डिबिंगन' व्हायला वेळ लागत नाही. इथे मायर्सच्या 1912 च्या ग्रामकोशाची ऑनलाइन आवृत्ती कामी येते. जर्मन साम्राज्यातलं लहानसं वाडीवस्तीचं ठिकाणही त्यात सापडतं, नकाशा दिसतो आणि शंका असलेल्या अक्षराजागी तारांकन टाकून शोधता येतं. जवळपासची प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक चर्चही कळतात. हे फार महत्त्वाचं, कारण लहान गावाला स्वतःचं चर्च नसायचं आणि नोंदी शेजारच्या गावच्या वहीत जायच्या. नॉयश्टाट नावाची तर कितीतरी गावं आहेत, म्हणून राज्य आधी पक्कं केलेलं असावं.

आता आर्किओन उघडावं, पण पैसे अजून भरू नयेत. अभिलेखागार, मग चर्चचा जिल्हा, मग चर्च, मग वही अशी उतरंड पासशिवाय उघडते. कोणत्या चर्चच्या कोणत्या सालांच्या वह्या चढवल्या आहेत, हे तिथेच दिसतं. आपली सालं नसतील तर पास घेण्यात अर्थ नाही. नैर्ऋत्य जर्मनीतल्या फाल्त्स भागात तीस वर्षांच्या युद्धात आणि 1689 च्या जाळपोळीत बऱ्याच वह्या गेल्या. तिथे मागे जाण्याची वाट अठराव्या शतकाच्या तोंडाशी बंद झाली, तर तो पोर्टलचा दोष नव्हे.

त्याच वेळी फुकटचे पर्यायही तपासून घ्यावेत. घराणं कॅथलिक असेल तर आर्किओनकडे जायचंच नाही. माट्रिकुला हे पोर्टल पूर्ण फुकट आहे आणि पासाऊ, म्युन्स्टर, पाडरबोर्न या धर्मप्रांतांच्या वह्या तिथे आहेत. मूळ पुरुष बाडेनचा असेल तर 1810 ते 1870 च्या चर्चवह्यांच्या सरकारी दुय्यम प्रती बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या राज्य अभिलेखागाराने खुल्या ठेवल्या आहेत. व्युर्टेम्बर्गच्या लुथरन वह्या अँसेस्ट्री या वर्गणीच्या संकेतस्थळावर नावांच्या सूचीसकट आहेत, पण त्यासाठी जागतिक योजना लागते. फक्त अमेरिकन नोंदींची योजना घेतलेल्यांना त्या उघडत नाहीत. अमेरिकेतल्या कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांत अँसेस्ट्रीची ग्रंथालय आवृत्ती फुकट वापरता येते, तीही विचारून पाहावी.

एवढं करूनही आर्किओनच हवं असं ठरलं, तर महिन्याचा पास पुरतो. वर्षाचा पास अनेक गावांत पसरलेल्या घराण्यालाच परवडतो. पान मोठं करता येतं, फिरवता येतं, उजेड-काळोख कमीजास्त करता येतो. पुसट शाई वाचताना या शेवटच्या सोयीचा फार उपयोग होतो. काही वह्या जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या, काळ्यापांढऱ्या आहेत. त्यांत शिवणीकडची अक्षरं अंधारात बुडतात, आणि हा या सेवेचा खरा उणेपणा. पानं आपल्या संगणकावर उतरवून घ्यायलाही मर्यादा आहे. म्हणून प्रत्येक पान उतरवत बसू नये, नक्की झालेलीच घ्यावीत आणि बाकीच्यांचा कायमचा दुवा, वहीचं नाव आणि पानाचा क्रमांक टिपून ठेवावा. छायाचित्राचा क्रमांक आणि वहीवरचा छापील किंवा हाताने घातलेला पृष्ठक्रमांक वेगळे असतात, दोन्ही लिहावेत.

वह्यांची लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी आहे, आणि ती शिकल्याशिवाय हा पास वापरताच येत नाही. दोन आठवडे रोज अर्धा तास स्वतःच्या हाताने ती लिहून काढावी. लिहिल्याने डोळा जितका तयार होतो तितका नुसता तक्ता पाहून होत नाही. रोमन 'ई' दोन बारीक उभ्या काड्यांसारखा, म्हणजे 'एन'चा सख्खा भाऊ वाटतो. 'यू'वर कमानीसारखी खूण असते, तेवढीच त्याची ओळख. अक्षरावर आडवी रेघ असेल तर ते अक्षर दुहेरी समजायचं. ट्रान्सक्रिबुस हे संगणकी वाचन मदतीला घ्यायला हरकत नाही. स्वच्छ अक्षराला ते चांगलं चालतं, आडनावांवर मात्र अडखळतं.

तारखांमध्ये हमखास फसगत होते. '7ब्रिस' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. '8ब्रिस' ऑक्टोबर, '9ब्रिस' नोव्हेंबर आणि रोमन दहाचा आकडा घातला की डिसेंबर. लॅटिन नावांत सात, आठ, नऊ, दहा दडलेले आहेत, त्याचा हा संक्षेप. काही पाद्री तारीख न घालता 'त्रिनितातिसनंतरचा पाचवा रविवार' असं लिहितात. त्रिनितातिस हा ईस्टरवरून ठरणारा चर्चचा सण. तिथे त्या सालचा ईस्टर काढून मोजावं लागतं. प्रॉटेस्टंट राज्यांनी 1700 मध्ये पंचांग बदललं तेव्हा 18 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला, हेही लक्षात असू द्यावं.

व्युर्टेम्बर्गचं घराणं असेल तर बाप्तिस्म्याच्या वहीआधी फामिलियेनरेगिस्टर, म्हणजे कुटुंबवही उघडावी. 1808 पासून तिथल्या लुथरन चर्चमध्ये ती ठेवली जाई, आणि वंशावळ काढणाऱ्यासाठी याहून चांगला कागद जर्मनीत नाही. एका कुटुंबाला एक जागा. वर नवरा, त्याचा जन्म, धंदा, आईवडील. शेजारी बायको, तिचं माहेरचं आडनाव, तिचे आईवडील. खाली मुलं जन्माच्या क्रमाने, प्रत्येकापुढे जन्म, कन्फर्मेशन, विवाह आणि मृत्यूचे रकाने. देश सोडून गेलेल्याच्या मृत्यूच्या रकान्यात मृत्यूच नाही, त्याऐवजी वेगळ्या शाईत 'नाख आमेरिका', म्हणजे 'अमेरिकेला', आणि पुढे साल. थडग्यावरून काढलेली तारीख आणि ही ओळ जुळली की मूळ पुरुष सापडला. त्याच पानावर त्याची भावंडंही असतात, आणि अमेरिकेला गेलेला तो एकटाच क्वचित असतो.

नावांची खबरदारी इथेही हवीच. एकाच घरात योहान गेओर्ग, योहान याकोब, योहान फ्रीडरिख असे तीन भाऊ असतात. योहान हे नाव फक्त बाप्तिस्म्याचं, हाक मारायचं नाव पुढचं. अमेरिकेत पहिला जॉर्ज होतो, जॉन नव्हे. मूल वारलं की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची रीत होती. म्हणून बाप्तिस्मा सापडल्यावर त्याच गावच्या दफनवहीत पुढची दहा वर्षं चाळावीच. लहानपणी वारलेल्या मुलाला मूळ पुरुष समजून त्याच्यावर सात पिढ्यांचं झाड उभं केलेलं ऑनलाइन जागोजागी दिसतं, आणि एकाचं पाहून दुसरा तेच उतरवतो. बायकांच्या आडनावाला 'इन' लागतं. म्युलेरिन म्हणजे म्युलर घरातली बाई, वेगळं आडनाव नव्हे.

वर गेल्यावर खालच्या फांद्यांकडेही परत यावं. वंशज शोधायला फॅमिलीसर्चची फुल-टेक्स्ट सर्च ही सोय अलीकडची आणि फार कामाची आहे. संगणकाने वाचलेल्या जमीनखरेदीच्या आणि वारसाहक्काच्या कागदांतून ती नाव शोधते, सूची नसली तरी. बाप वारल्यावर शेत विकताना सगळ्या वारसांच्या सह्या लागायच्या. एका खरेदीखतात लग्न झालेल्या मुली नवऱ्यांच्या नावासकट आणि दुसऱ्या राज्यात गेलेले मुलगे जिल्ह्यासकट येतात. शोधताना आडनाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहावं आणि काउंटीची चाळणी लावावी, नाहीतर हजारो निकाल पुढ्यात येतात. मृत्यूपत्र मिळालं तरी खरेदीखत पाहावंच, कारण मृत्यूपत्रात आधीच वाटणी देऊन वेगळा केलेला मुलगा पुष्कळदा गाळलेला असतो.