शेततळ्याच्या नावाखाली 37,860 रुपये गेले, पोकरा योजनेचं नाव सांगत कोणी आलं तर सावध राहा

लिहायची लाज वाटतेय पण लिहितोय, कारण मला फसवणारा माणूस आता शेजारच्या दोन गावांत फिरतोय असं कळलं.

मी नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातला. इगतपुरीकडे पावसाने भात झोडपून निघतो तेव्हा आमच्याकडे टँकर चालू असतो. पोकराचा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा, दुसरा टप्पा आला, 21 जिल्हे, 7201 गावं, त्यात नाशिक जिल्हा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. हवामान बदलाचा फटका बसणाऱ्या शेतकऱ्यासाठी वर्ल्ड बँकेच्या कर्जातून आलेला पैसा. पण गावांची यादी ठरलेली आहे आणि आमचं गाव त्यात नाही. ओढ्यापलीकडचं आहे. पाऊस तोच, जमीन तीच, विहिरी दोघांच्याही फेब्रुवारीत आटतात, मग निकष काय लावला ते आजपर्यंत कोणी नीट सांगितलेलं नाही.

नेमकं तिथेच त्या फसवणाऱ्याने बोट ठेवलं. "दादा, पुरवणी यादीत तुमचं गाव घेतलंय, पण कोटा थोडा आहे, ओळखीवाले पुढे सरकतील." मी विश्वास ठेवला कारण ओळखीवाले पुढे सरकलेले मी डोळ्याने बघितलेत. ज्याची आधीच दोन शेततळी भरलेली, त्याला तिसऱ्या तळ्यासाठी अस्तराचा प्लास्टिक कागद मिळाला. मी तीन वर्षं महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरायच्या पोर्टलच्या, लॉटरीकडे डोळे लावून बसलो, नंबर लागला नाही. मग कोणी म्हणालं की तुझी फाईल वर घेतो तर माणूस काय करेल?

आधी नोंदणीचे 2,360 घेतले. महाडीबीटीवर अर्ज केला तेव्हा फी 23 रुपये 60 पैसे होती, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटला आणि मी काही विचारलंच नाही. मग मोका तपासणीचे, म्हणजे शेतात येऊन जागा बघायचे, 11,500. मग शेतकरी हिस्सा म्हणून 24,000. मोका तपासणीला शासन पैसे घेत नाही हो! खर्च आधी आपण करायचा, बिलं टाकायची, मग अनुदान आधार लिंक खात्यात येतं. हे मला माहीत होतं. माहीत असून दिले.

चुकलो तो क्षण सांगतो. व्हॉट्सॲपवर पूर्वसंमतीची, म्हणजे कामाआधी मिळणाऱ्या मंजुरीची, पीडीएफ आली. राजमुद्रा, गोल शिक्का, सही, माझा गट नंबर बरोबर. आणि क्षेत्र लिहिलेलं "2 एकर". सरकारी कागदावर एकर कधी बघितलाय का? सातबाऱ्यावर आयुष्यभर हेक्टर-आर वाचत आलो, 0.80 असं असतं. माझी नजर त्या एकरावर अडकली होती, बायकोने पण विचारलं की हे असं का लिहिलंय, आणि मी तिला म्हटलं टायपिंग करणाऱ्याने लिहिलं असेल. त्याच रात्री 24,000 पाठवले. पूर्वसंमती खरी असेल तर ती आपल्या लॉगिनमध्ये दिसते, ते तरी बघायचं होतं.

जेसीबीने कुठे खोदायचं त्यासाठी फक्की मारून खुणा करून ठेवल्या होत्या, त्या तुकड्यात सोयाबीन पण पेरलं नाही. ते नुकसान वेगळंच.

कृषी ऑफिसात गेलो तर म्हणे तो आमचा माणूस नाही, तक्रार पोलिसात द्या. पोलीस म्हणाले ऑनलाईन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले 1930 या ऑनलाईन फसवणुकीच्या हेल्पलाईनवर आधी कॉल का नाही केला, नऊ दिवस झाले. बँकेत सांगितलं पिन तुम्हीच टाकला. एका साहेबाने तर विचारलं की तुम्ही नंबर पुढे घ्यायला पैसे दिले म्हणजे लाचच दिली ना? अहो पण यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली असती, कोणाला का मिळालं आणि कोणाला का नाही हे लिहिलं असतं तर असल्या माणसाच्या दारात मी उभाच राहिलो नसतो! माझ्या हक्काचं काही आहे की नाही हेच कोणी सांगत नाही, म्हणून तो ते विकू शकला. चार ऑफिसं, सहा चकरा, एफआयआर अजून नाही.

युपीआयवर नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबा. ओटीपी, आधारचा अंगठा कोणाला देऊ नका. पैसे गेले तर त्याच तासात 1930, लाजत बसू नका.

आणि चॅट डिलीट करू नका. घरच्यांना दिसू नये म्हणून मी अर्धं उडवलं, आता पोलीस ठाण्यात तेच मागतायत.