अतिचंचलतेच्या अभ्यासाला कोणता उंदीर घ्यावा?

एडीएचडी, म्हणजे मुलांमधली अतिचंचलता आणि लक्ष न लागणं, याच्या संशोधनात उंदरांची दोन मॉडेल्स फार वापरली गेली. पहिलं शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलेलं. पाच दिवसांच्या पिल्लाला आधी डेसिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध द्यायचं, म्हणजे पुढच्या विषापासून मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांपैकी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या चेतापेशी वाचतात. मग मेंदूभोवतालच्या द्रवात ६-हायड्रॉक्सिडोपामाइन हे विष टोचायचं. त्यात डोपामाइन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे चेतातंतू नष्ट होतात. पुढचे काही आठवडे ही पिल्लं पिंजऱ्यात नुसती धावत सुटतात, आणि अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक दिलं की चक्क शांत होतात! हेच विष मोठ्या उंदराला दिलं, तर तो जागचा हलेनासा होतो. घाव तोच, परिणाम उलटा. कारण मेंदू अजून घडत असतो: स्ट्रायटम या हालचालींशी संबंधित भागात डोपामाइनच्या रिकाम्या जागेत सेरोटोनिन या आणखी एका रसायनाचे तंतू दाट पसरतात. या मॉडेलचं खरं मोल मला इथेच दिसतं.

दुसरा पर्याय एसएचआर, म्हणजे आपोआप रक्तदाब वाढणाऱ्या उंदरांच्या जातीचा. जपानमध्ये ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३ साली उच्च रक्तदाबाच्या अभ्यासासाठी ही जात तयार केली. इथे विष नाही, सगळं आनुवंशिक. चंचलतेबरोबर उतावळेपणाही दिसतो. पण रक्तदाबाचा घोळ आहेच. शिवाय तुलनेला घेतात ते विस्टार-क्योटो उंदीर मुळात सुस्त, त्यामुळे फरक फुगतो. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या उत्तेजक औषधाचे निकालही प्रयोगागणिक बदलतात.

उत्तेजक औषध डोपामाइनवर कसं चालतं, एवढाच प्रश्न असेल तर मी पहिलंच घेईन. मात्र एवढा मोठा घाव एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूत नसतो, हे निष्कर्ष लिहिताना स्पष्ट सांगायलाच हवं.