जुने सॉफ्टवेअर बदलून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक: एका घाऊक औषध विक्रेत्याचा अनुभव

मिरज हे दवाखान्यांचे गाव असल्यामुळे येथे घाऊक औषधविक्रीचा धंदा मोठा आहे आणि आमची पेढी वडिलांच्या काळापासून त्यात आहे. आमचे बिलिंग, साठा आणि उधारी हे सगळे एका स्थानिक प्रोग्रॅमरने १९९०च्या दशकात डॉससाठीच्या (म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणकांसाठीच्या) फॉक्सप्रो या डेटाबेस भाषेत लिहून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालत असे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा त्याच गृहस्थांनी त्यात ठिगळे लावून दिली आणि त्यानंतर वयोमानामुळे काम थांबवले. फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २०१५च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने तिलाही आधार देणे बंद केले. डॉसचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नसल्यामुळे केवळ त्याच्यासाठी एक जुना संगणक आम्ही जपून वापरत होतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांनाही ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे झाले आणि हा बदल पुढे ढकलणे अशक्य होऊन बसले.

हे काम आम्ही पुण्यातील एका एजन्सीला दिले. प्रकरण वकिलांकडे असल्यामुळे तिचे नाव येथे लिहीत नाही, आणि तशी गरजही नाही, कारण जी पद्धत वापरली गेली ती एकट्या त्या एजन्सीची आहे असे मला वाटत नाही.

तिचे कोटेशन इतरांच्या जवळजवळ निम्मे होते. बैठकीला आलेल्या दोन अनुभवी व्यक्तींनी औषधधंद्याची भाषा बोलत आम्हाला डेमो दाखवला, ‘दहावर एक’ची (दहा नग घेतले की एक फुकट) स्कीम बिलावर कशी बसते तेही करून दाखवले आणि संपूर्ण प्रणाली आमच्यासाठी पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिली जाईल असे लेखी दिले. करार झाल्यानंतर त्या दोघांपैकी कोणीही पुन्हा आमच्या दुकानात आले नाही. प्रत्यक्ष काम करणारी मुले दर महिन्याला बदलत होती आणि त्यांच्यापैकी अनेकांना एजन्सीने बाहेरून, कामापुरते घेतलेले होते, असे त्यांच्याच बोलण्यातून पुढे कळले.

फसवणुकीचा गाभा मात्र कराराच्या परिशिष्टात होता. कोटेशनमध्ये ‘सध्याच्या सॉफ्टवेअरमधील सर्व सुविधा’ असे शब्द होते. करारात त्यांच्या जागी ‘परिशिष्ट अ मध्ये नमूद केलेल्या सुविधा’ असे आले, आणि ते परिशिष्ट एजन्सीने स्वतः तयार केले होते. त्यात ‘विक्री’, ‘खरेदी’, ‘साठा’, ‘अहवाल’ अशी ढोबळ शीर्षके होती आणि प्रत्येकाखाली चार-दोन ओळी होत्या. ज्यांनी जुने सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरले आहे त्यांना माहीत असते की त्याचे खरे नियम कोणत्याही कागदावर नसतात. आमच्याकडे तीन महिन्यांच्या आत मुदत संपणाऱ्या बॅचचे बिल होत नसे. दुकानदाराने दहाऐवजी पाच नग घेतले तर हाफ स्कीम म्हणून फुकट मालाऐवजी दरात तेवढी सूट आपोआप धरली जाई. ठरावीक मुदतीपुढे उधारी गेली की त्या दुकानदाराचे बिल अडत असे आणि ते फक्त वडिलांच्या पासवर्डने सुटत असे. मुदत संपलेला माल दुकानदाराकडून परत येतो तेव्हा तो नवा पुरवठा म्हणून दाखवायचा की क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढायची, असे दोन्ही मार्ग केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ऑक्टोबर २०१८च्या परिपत्रकात दिलेले आहेत. कोणता दुकानदार कोणत्या मार्गाने जातो हे जुने सॉफ्टवेअर त्याच्या खात्यावरील एका अक्षरावरून ओळखत असे.

यातील एकही गोष्ट परिशिष्टात नव्हती. काम सुरू झाल्यावर आम्ही त्यांतील जी जी गोष्ट मागितली, तिच्यावर ‘चेंज रिक्वेस्ट’ असा शिक्का बसला आणि तिचे स्वतंत्र बिल आले. वास्तविक त्यांच्या माणसाने सुरुवातीला काउंटरवर बसून हे सगळे नियम वहीत टिपून घेतले होते, म्हणजे ते त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा नाही. ते परिशिष्टातून गाळले गेले, आणि कमी कोटेशनमधून जे सुटले होते ते अशा रीतीने एकेक करून वसूल झाले. एजन्सीची ही कमाई ठरलेल्या रकमेच्या जवळपास पोचल्यावर आम्ही सगळी बिले एकत्र मांडून पाहिली, तेव्हा कुठे हा हिशेब डोळ्यांसमोर आला. बाहेरच्या टीमला काम देणाऱ्यांनी परिशिष्ट त्यांना लिहू द्यायला माझी हरकत नाही, परंतु ‘जुने सॉफ्टवेअर आज जे जे करते ते सर्व, लिहिलेले असो वा नसो’ हे वाक्य करारात राहिलेच पाहिजे आणि त्यावर अडून बसले पाहिजे.

जुनी माहिती नव्या प्रणालीत आणण्याचे काम तर याहून विचित्र रीतीने झाले. फॉक्सप्रोच्या फायली त्यांनी एक्सेलमध्ये उघडल्या, तिथून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फायली) केल्या आणि नव्या प्रणालीत चढवल्या. औषधांचे बॅच नंबर अंकांचे आणि अक्षरांचे मिळून असतात. एका प्रतिजैविकाच्या बॅचचा नंबर ‘१२ई०५’ असा होता. दोन अंकांच्या जोड्यांमधले ते इंग्रजी अक्षर पाहून एक्सेलने त्याला दहाच्या घातांकातली संख्या समजून बारा लाख करून टाकले. ज्या नंबरांच्या सुरुवातीला शून्ये होती त्यांची शून्ये गेली, आणि महिन्याच्या नावासारखी अक्षरे असलेले काही नंबर तर तारखा बनले. औषधधंद्यात बॅच नंबर चुकणे ही किरकोळ बाब नव्हे. मुदत संपलेला माल कंपनीकडे परत पाठवताना नंबर जुळला नाही तर कंपनी तो स्वीकारत नाही, आणि एखादी बॅच बाजारातून परत मागवली गेली तर ती कोणाला विकली हे शोधण्याचा तोच एक धागा असतो.

दुसरा घोटाळा त्याहून उशिरा लक्षात आला. फॉक्सप्रोमध्ये नोंद ‘डिलीट’ केली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही. तिच्यावर फक्त खूण होते आणि ‘पॅक’ ही आज्ञा दिल्यावरच ती फायलीतून जाते. ती खूण न पाहता सगळ्या ओळी उचलल्या गेल्यामुळे आम्ही पूर्वी रद्द केलेली बिले नव्या प्रणालीत जिवंत झाली आणि दुकानदारांच्या खात्यांवर भलतीच येणी दिसू लागली. वर्षानुवर्षांचे एक ग्राहक उधारीचा उतारा हातात घेऊन दुकानात आले आणि ‘हे पैसे आम्ही कधी बुडवले ते तरी सांगा’ असे शांतपणे विचारून गेले. हे सगळे निस्तरण्यासाठी एजन्सीने ‘डेटा क्लीनिंग’ या नावाने आणखी एक बिल पाठवले. तुमची जुनी माहितीच खराब होती, असे त्यात कारण दिलेले होते.

यापुढचा प्रकार ऐकून आमचे वकीलही थोडा वेळ गप्प बसले. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या दिवशी एक तक्ता फिरवला गेला आणि हजेरीसाठी सही करा असे सांगून आमच्या सगळ्या मुलांच्या सह्या त्यावर घेतल्या गेल्या. त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांतील इंग्रजी ओळ होती, तिचा आशय असा की प्रणाली तपासून पाहिली असून ती समाधानकारक असल्यामुळे आम्ही ती स्वीकारत आहोत. स्वीकृतीनंतर द्यायच्या हप्त्याची मागणी करताना हाच कागद जोडून आला. स्वीकृतीवर सही करण्याचा अधिकार फक्त कोणाला आहे हे करारात नावानिशी लिहिलेले नसेल, तर काउंटरवरच्या डिलिव्हरी बॉयची सहीसुद्धा तुमच्याविरुद्ध मांडली जाऊ शकते.

‘पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिलेली’ प्रणाली काय होती, हेही योगायोगानेच उघड झाले. एके दिवशी बिल करताना पडद्यावर चूक झाल्याचा लांबलचक संदेश आला. आमच्या सीएंच्या कार्यालयातील एका मुलाने तो वाचला आणि त्यात पुन्हापुन्हा आलेल्या ‘फ्रॅपे’ या, ती प्रणाली ज्या पायावर उभी आहे त्याच्या, नावावरून ही ईआरपीनेक्स्ट आहे असे ओळखले. ईआरपीनेक्स्ट ही मुंबईत तयार झालेली, धंद्याचे बिलिंग, साठा आणि हिशेब सांभाळणारी, मुक्त परवान्याखालील प्रणाली असून ती कोणालाही फुकट घेता आणि बदलता येते. ती वापरून दुसऱ्याला सेवा विकणेही पूर्णपणे कायदेशीर आहे आणि प्रामाणिकपणे तसे करणारे पुष्कळ लोक आहेत. आमची तक्रार तिच्याबद्दल नाही. चिन्ह आणि रंग बदलून तीच आमच्या गळ्यात मारली गेली आणि न केलेल्या लेखनाचे तास बिलात धरले गेले, ही तक्रार आहे. बॅच आणि मुदत यांची नोंद ठेवण्याची सोय त्या प्रणालीत मुळातच आहे, आणि नेमकी तीच सोय ‘खास विकसित केली’ म्हणून आमच्याकडून सर्वांत मोठी रक्कम घेण्यात आली होती.

आम्ही पुढचे पैसे थांबवले. प्रणाली ज्यावर चालते तो सर्व्हर आणि तिचा इंटरनेटवरील पत्ता, म्हणजे डोमेन, दोन्ही एजन्सीच्या नावावर होते. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरायचे असते आणि त्याच्या अलीकडेच, थकबाकीचे कारण दाखवून, प्रणाली बंद करण्यात आली. विवरणपत्र कसेबसे निभावले, कारण नोंदणीकृत दुकानदारांची ई-इन्व्हॉइस पोर्टलवरून आपोआप जीएसटीआर-१ मध्ये येतात. ज्या नियमामुळे आम्ही या फंदात पडलो त्यानेच तेवढे वाचवले. डॉक्टरांची आणि इतर नोंदणी नसलेल्यांची बिले मात्र छापील प्रतींवरून हाताने भरावी लागली, आणि साठा व उधारी पूर्णपणे कुलूपबंद राहिली.

दाद कोठे मागावी याची चौकशी केली तेव्हा पुष्कळ गोष्टी नव्याने कळल्या. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला सर्वसाधारणपणे लागू होत नाही, त्यामुळे तो मार्ग वकिलांनी सुरुवातीलाच बाजूला ठेवला. पोलिसांनी प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगितले. करारात वाद न्यायालयाबाहेर सोडवणाऱ्या एकट्या लवादाची नेमणूक एजन्सी करील असे कलम होते, परंतु निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकतर्फी लवाद नेमू नये हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात स्पष्ट केलेले असल्यामुळे त्या कलमाची भीती राहिली नाही. सर्वांत उपयोगी पडला तो २०००चा माहिती तंत्रज्ञान कायदा. ज्याला वापराचा अधिकार आहे त्याला संगणक प्रणालीपासून रोखणे हे त्याच्या कलम ४३ मध्ये येते, आणि पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईसाठी कलम ४६ नुसार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे, दावा करता येतो. या दोन कलमांचा उल्लेख असलेली नोटीस गेल्यानंतर एजन्सीने आमची माहिती परत केली, पण ती पीडीएफच्या रूपाने, हजारो पानांत, कारण नोटिशीत नुसते ‘माहिती’ एवढेच म्हटले होते. दुसऱ्या नोटिशीत डेटाबेसच्या बॅकअपचा स्पष्ट उल्लेख केल्यावर तो मिळाला. दिलेल्या पैशांचा वाद अजून चालू आहे.

कोडच्या मालकीबद्दल व्यापाऱ्यांमध्ये मोठा गैरसमज आहे, तो येथे सांगणे आवश्यक वाटते. पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेला प्रोग्रॅम, उलट करार नसेल तर, मालकाचा होतो. बाहेरच्या टीमने लिहिलेला प्रोग्रॅम, पैसे पूर्ण दिलेले असले तरी, १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सहीनिशी लेखी हस्तांतर झाल्याशिवाय आपला होत नाही. त्या हस्तांतरात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. एजन्सीने सोर्स कोडसाठी, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणासाठी, आमच्याकडे वेगळी रक्कम मागितली ती याच आधारावर. त्यातला मोठा भाग तिने लिहिलेलाच नव्हता, हा भाग निराळा.

नवे काम देताना सर्व्हरचे खाते आणि डोमेन आमच्या पेढीच्या नावावर, आमच्याच कार्डावर घेतले आहे, आणि बॅकअप रोज आमच्या दुकानातील डिस्कवर उतरतो. हप्ते तारखांना बांधलेले नाहीत. जुन्या आणि नव्या प्रणालीत एकाच महिन्याची सगळी बिले, साठा आणि प्रत्येक दुकानदाराची उधारी पैशापर्यंत जुळल्यावर निम्मी रक्कम, आणि मार्चअखेरची साठामोजणी नव्या प्रणालीशी जुळल्यावर उरलेली, अशी अट घातली. ही अट वाचून दोन एजन्सींनी कोटेशन मागे घेतले. सांगलीच्या एका तरुण विकसकाने मी ईआरपीनेक्स्टच वापरणार आहे असे आधीच सांगितले आणि फक्त मुदत वाढवून मागितली. काम त्यांना दिले आहे.