रन थांबवायचा तर बॉक्समध्ये सहा की आठ?

अमेरिकन फुटबॉलमध्ये टीमला समोरच्यांचा रन, म्हणजे बॉल हातात घेऊन पळणं, थांबवता येत नसेल की सगळे टॅकलिंगलाच शिव्या घालतात, पण बऱ्याचदा घोळ स्नॅपच्या (बॉल मागे देऊन खेळ सुरू होतो त्याच्या) आधीच झालेला असतो, लाइनजवळ, म्हणजे बॉक्समध्ये, माणसं किती उभी केलीत तिथेच.

लाइट बॉक्स म्हणजे पुढे सहाच जण अन् दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे राखणदार) लांब मागे. लांबचे पास बंद होतात, पण गॅप जास्त अन् माणसं कमी, पुढच्या फळीतला एक लाइनमन जरी ढकलला गेला तरी रान मोकळं. जानेवारी २०२० ची एनएफसी चॅम्पियनशिप (सुपर बोलच्या आधीची मॅच) आठवा, पॅकर्स विरुद्ध फोर्टीनाइनर्स. थर्ड अँड ८, म्हणजे तिसरा प्रयत्न अन् अजून ८ यार्ड हवेत, पॅकर्सनी पासच येणार धरून मागची माणसं वाढवलेली, अन् फोर्टीनाइनर्सचा बॉल घेऊन पळणारा मॉस्टर्ट मधून जो घुसला तो ३६ यार्ड थेट टचडाऊन! गड्याने त्या दिवशी २२० यार्ड अन् ४ टचडाऊन काढले, त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्या गारोपोलोने, अख्ख्या मॅचमध्ये फक्त ८ पास टाकले, गरजच काय होती म्हणा.

आठ जणांचा बॉक्स केला की रन आटतो, पण मागे सेफ्टी एकटा अन् कडेचे राखणदार, म्हणजे कॉर्नर, वाऱ्यावर. २०२५ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सनी ईगल्सच्या बॉल घेऊन पळणाऱ्या बार्कलीला ५७ यार्डांत गुंडाळलं खरं, पण ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्सने पास टाकून अन् स्वतः पळून पुरतं धुतलं, ४०-२२.

मला विचाराल तर लाइट बॉक्स चालतो, पण पुढच्या फळीत मधोमध उभा राहणारा नोज टॅकल एकटा दोघांना अडवून धरणारा पाहिजे. तसा नसेल तर गपचूप सेफ्टी खाली आणा.