‘तयार घर घ्या, काका’ : नूतनीकरण केलेल्या फ्लॅटने आम्हाला कसे बुडवले

पुण्यात निवृत्तीनंतरचे घर शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, आणि ज्यांना एजंटने ‘काका, ह्या वयात धूळ-माती कशाला, तयार घर घ्या’ असे ऐकवले असेल त्यांनी तर दोनदा वाचावे. आम्हाला हेच ऐकवले गेले. ठरलेल्या किमतीच्या वर ह्या एका वाक्याचे आम्ही ८,७०,५०० रुपये मोजले आहेत, आणि ते परत मिळण्याची चिन्हे आज तरी दिसत नाहीत.

एकाच सोसायटीत दोन फ्लॅट विकाऊ होते. इमारत १९८९ सालची. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मूळ मालकाने कधी हात न लावलेला, मोझॅइकची फरशी, पोपडे आलेला रंग, पिवळी पडलेली बटणे; किंमत ४६,५०,००० रुपये. पहिल्या मजल्यावरचा ‘पूर्ण नूतनीकरण केलेला’. किंमत ६१,००,००० रुपये. ओळखीच्या कंत्राटदाराने वरच्या घराच्या कामाचा अंदाज नऊ लाख सांगितला होता, म्हणजे तयार घरासाठी आम्ही साडेपाच लाख जास्त देत होतो आणि ते जाणूनबुजून देत होतो. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, मुलगी बंगळुरूला, आणि गवंडी आज येतो म्हणून परवा येणार हे ठरलेले. ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात’ असे जे आज विचारतात, त्यांनी साठी उलटल्यावर सहा महिने भाड्याच्या घरात राहून एकदा न्हाणीघर बांधून दाखवावे.

कागदोपत्री आम्ही कुठेही कुचराई केलेली नाही. पत्नीच्या नावाने खरेदी केल्यामुळे सहा टक्के दराने मुद्रांक शुल्क ३,६६,००० रुपये भरले, नोंदणी शुल्क ३०,००० रुपये भरले, व्यवहार पन्नास लाखांच्या वरचा असल्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे ६१,००० रुपये, किमतीतून कापून सरकारजमा केला. एजंटने दोन टक्के, १,२२,००० रुपये घेतले. त्यांपैकी पन्नास हजार ऑनलाइन आणि ७२,००० रोख. रोखीची पावती ‘उद्या देतो’ असे तो म्हणाला. दलालाला एक रुपयाही रोख देऊ नका.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो सांगतो. घर दुसऱ्यांदा पाहायला गेलो तेव्हा न्हाणीघरात शिरताना पत्नीला ठेच लागली. कोणत्याही घरात न्हाणीघराची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा बोटभर खाली असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. इथे ती चांगली इंचभर वर होती. मी वाकून पाहिले, तर दरवाजाची खालची कड करवतीने कापलेली होती आणि तिथले लाकूड कोरे, रंगाचा हातही न लागलेले होते. ह्याचा अर्थ उघड होता : जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी चिकटवली होती, म्हणजे खालचे वॉटरप्रूफिंग पस्तीस वर्षांपूर्वीचेच होते. मी विचारलेसुद्धा. एजंट हसून म्हणाला, ‘काका, हल्ली अशीच डिझाइन असते, उंबऱ्याची शोभा वेगळी दिसते.’ मालकाने लगेच, हे घर आपण आईसाठी हौसेने करून घेतले होते, असे डोळे ओले करून सांगितले. आईचा विषय निघाल्यावर समोरच्या माणसाला खोटारडा कोण म्हणतो? पण मी तेव्हाच एखाद्या प्लंबरला हजार रुपये देऊन बोलावले असते, तर त्याने एका फरशीवर टकटक करून बद्द आवाज ऐकवला असता आणि विषय तिथेच संपला असता.

घर आम्ही एप्रिलमध्ये पाहिले. जुने घर भर पावसात पाहायचे असते, आणि विकणारे ते उन्हाळ्यात दाखवतात. शिवाय घर रिकामे असताना न्हाणीघरात पाण्याचा थेंबही पडत नव्हता. आम्ही राहायला गेल्यावर जुलैत खालचे शेजारी आमच्या न्हाणीघराचे पाणी त्यांच्या छतातून गळते म्हणून वर आले, आणि त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराच्या फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग उमटला. पीओपीचा एक तुकडा काढला, तर वर स्लॅब फुगलेला, काँक्रीट गळून पडलेले आणि गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या. नळ चकचकीत नवे, पण भिंतीतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप जुनेच, आतून गंजून पाण्याची वाट करंगळीएवढी उरलेली. मॉड्युलर बटणांमागे जुनीच वायर. मेलेल्या माणसाला नवे कपडे घालून बसवावे, तसे ते घर होते.

खर्च असा झाला : नळकाम १,६८,०००, न्हाणीघर फोडून पुन्हा करणे २,३५,०००, स्लॅबची दुरुस्ती १,४२,५००, वायरिंग १,१४,०००, आणि कामाच्या काळात दुसरीकडे राहण्याचे भाडे ३६,०००. त्यावर सोसायटीने मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदावर बसवलेली वर्गणी १,७५,०००. ह्या वर्गणीचा ठराव आमच्या खरेदीच्या आधीच मंजूर झाला होता. सचिवांनी ‘थकबाकी नाही’ असा दाखला दिला, तो शब्दशः खरा होता, कारण बिल तेव्हा निघायचे होते! पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करावे, असे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीचे आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियम, सांगतात. तो अहवाल लेखी मागा, सर्वसाधारण सभेच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या इतिवृत्तांच्या प्रती मागा. नुसत्या दाखल्यावर जाऊ नका.

आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा किमतीसकट गोषवारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. आमच्या वकिलांनी मालकी हक्क तपासला, तो निर्दोष होता. किमतीचा रकाना पाहणे त्यांच्या कामात बसत नव्हते म्हणे. मी तो पाहिला तेव्हा उशीर झाला होता. आईसाठी हौसेने घर करणाऱ्या ह्या गृहस्थाने ते आमच्या आधी जेमतेम नऊ महिने ४१,००,००० रुपयांना घेतले होते.

तक्रार घेऊन पोलीस चौकीत गेलो. ‘साहेब गणपतीच्या बंदोबस्तात आहेत, विसर्जनानंतर या.’ विसर्जनानंतर गेलो, तर साहेबांनी अर्ज न वाचताच ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगितले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीबद्दल आहे, असे मी म्हणालो, तेव्हा ‘घर ताब्यात मिळाले ना? मग फसवणूक कसली?’ असा प्रतिप्रश्न आला आणि मागे बसलेला हवालदार हसला. अर्जाची पोच मागितली, तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर. सोसायटीने ठराव लपवला म्हणून सहकार खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथे आवक-जावकच्या खिडकीवरच्या बाईंनी आधी सोसायटीला लेखी विचारा म्हटले, सोसायटीने उत्तर दिले नाही म्हणून परत गेलो, तर तोपर्यंत टेबल बदलले होते आणि नव्या टेबलाने, व्यवहार झाला तेव्हा तुम्ही सभासद नव्हता, सबब तुमची तक्रारच होत नाही, असे ऐकवले. सभासद नसताना विचारायचा हक्क नाही, आणि सभासद झाल्यावर आधीचे विचारायचे नाही! ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य असा फलक त्याच खिडकीवर लावलेला होता.

महारेराचाही, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचाही, उपयोग नाही. रेरा कायद्यातली पाच वर्षांच्या दोषदुरुस्तीची जबाबदारी बिल्डरवर आहे, जुने घर पुन्हा विकणाऱ्यावर नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ मात्र सांगते की साध्या काळजीने खरेदीदाराच्या ध्यानात येणार नाही असा मोठा दोष ठाऊक असेल, तर तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. आमच्या करारनाम्यात मात्र ‘खरेदीदाराने सदनिकेची पाहणी केली असून ती आहे त्या स्थितीत स्वीकारली आहे’ असे वाक्य बाराव्या पानावर घुसडलेले आहे. ते खोडून घ्या. विक्रेता खोडायला तयार नसेल, तर उठून घरी या.

वकिलांची ७,५०० रुपयांची नोटीस ‘सदर पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली. आता दिवाणी दावा दाखल करतो आहोत. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एका निवृत्त शिक्षक दांपत्याने घेतला. त्यांनी पाइप, वायर, न्हाणीघर सगळे स्वतःच्या डोळ्यांदेखत बदलून घेतले आणि एकूण खर्च साडेनऊ लाखांच्या आत बसवला. आमचा एजंट मात्र अजून धंद्यात आहे, आणि गेल्या आठवड्यात त्याने ह्याच भागातल्या आणखी एका जुन्या इमारतीतल्या ‘पूर्ण नूतनीकरण केलेल्या’ फ्लॅटची जाहिरात मलाच पाठवली.