तीन वर्षांवर बाहेर पडायचं की चौथं वर्ष करायचं?

तासगावच्या माझ्या भाचीचं बीएस्सीचं तिसरं वर्ष संपत आलंय. आता ती पदवी घेऊन कोल्हापूरला एमएस्सीला जावी, की सांगलीतच चौथं वर्ष करून ऑनर्स, म्हणजे चार वर्षांची पदवी, घ्यावी, यावर ताईच्या घरी रोज बोलणं चालतं. दाजींचा प्रश्न सरळ आहे, "एक वर्ष जास्त घालून हातात काय पडणार?"

वर्षांचा हिशेब आधी. तीन वर्षं अधिक दोन वर्षांची एमएस्सी म्हणजे पाच. चार वर्षं अधिक एक वर्षाची एमएस्सी, तीही पाचच. म्हणजे वेळ वाचत नाही आणि वायाही जात नाही. मात्र एक वर्षाची एमएस्सी आपल्या विषयात कुठं मिळते, हे आधी विचारून घ्या.

चौथ्या वर्षाचं खरं बळ संशोधनात आहे. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च', म्हणजे चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्प असलेली पदवी, घेता येते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करता थेट पीएचडीच्या प्रवेशालाही पात्र ठरता, राखीव प्रवर्गाला ५ टक्क्यांची सवलत आहे. पण सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवी लागतेच, हे मुलांना कुणी नीट सांगत नाही. एमपीएससी किंवा बँकेची परीक्षा द्यायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते, चौथ्या वर्षात अडकू नका.

पैशाचं म्हणाल तर फीपेक्षा खोलीभाडं आणि मेस जड जाते. तासगावहून सांगली एसटीच्या पासावर होते, कोल्हापूरला राहावंच लागतं.

तरीही माझ्या मते निर्णय विभाग बघून करावा. परवा भाचीला घेऊन तिच्या विभागात गेलो. भिंतीवरच्या तक्त्यावर पाच शिक्षकांची नावं, त्यातल्या तिघांपुढं 'तासिका तत्त्वावर', म्हणजे कायम नोकरी नाही, तासावर पैसे. त्यांतले एक सर आमच्याशी बोलता बोलता घड्याळ बघत होते, पुढचा तास दुसऱ्या कॉलेजात होता. शिकवतात मनापासून, मुलंच सांगतात. पण वर्षभराचा प्रकल्प त्यांनी कुठल्या वेळात बघायचा? पुढच्या जूनला ते तिथं असतील का, हे त्यांनाही ठाऊक नाही. कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवून मुलांना संशोधन करा म्हणणं मला पटत नाही.

म्हणून ज्या विभागात पीएचडीचे मार्गदर्शक कायम नोकरीत आहेत, उपकरणं कुलपात नाहीत, तिथं चौथं वर्ष बेलाशक करा. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे, तिकडच्या मुलांनी तिथंही चौकशी करावी. विभाग रिकामा असेल तर तीन वर्षांवर बाहेर पडा आणि एमएस्सीची दोन वर्षं शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काढा.

भाचीनं कोल्हापूर ठरवलंय. दाजी रविवारी राजारामपुरीत खोली बघायला निघालेत.