केझॅलॉक की राहिलेलं एक फील्ड?

एसएमबी किंवा एनएफएस (नेटवर्कवरून फाइल शेअर करायचे प्रोटोकॉल) यांच्या लिनक्स कर्नलमधल्या कोडमध्ये न भरलेल्या मेमरीचा बग सापडला, की पॅच साधारण दोन तऱ्हेने लिहिता येतो. केमॅलॉकच्या (मेमरी मागणारं फंक्शन, ते ती न पुसताच देतं) जागी केझॅलॉक टाकायचं आणि अख्खं स्ट्रक्चर शून्याने भरूनच घ्यायचं. नाहीतर जे फील्ड राहून गेलं तेवढंच भरायचं. मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी फील्डवाल्या पॅचची बाजू मांडतो, कारण रिव्ह्यूमध्ये तोच जास्त आवडतो. काय चुकलं ते त्यात स्पष्ट दिसतं. शिवाय केएमसॅन हे तपासणीचं साधन (लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये आहे, क्लँग कंपायलरनेच बिल्ड करावं लागतं) न भरलेली व्हॅल्यू वापरली गेली की ओरडतं. केझॅलॉक केलंत की ते गप्प. बग गेला की नुसता झाकला, हे मग कळत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

तरीही मी केझॅलॉककडे वळलो, ते एकाच वैतागामुळे. उघडलेल्या फाइलच्या स्ट्रक्चरमधला एक पॉइंटर भरायचा राहिला होता. ओपन अर्ध्यात फसलं की साफसफाईचा कोड तो पॉइंटर केफ्रीला (मेमरी परत करणाऱ्या फंक्शनला) द्यायचा. तिथे नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, असता तर केफ्रीने काहीच केलं नसतं, पण तिथे होता आधीच्या कुणाचा तरी शिळा पत्ता. मी नेमकं ते फील्ड भरलं आणि सुटलो. काही महिन्यांनी एकाने त्याच स्ट्रक्चरमध्ये नवं फील्ड घातलं. ते साध्या ओपनमध्ये भरलं, डिरेक्टरीच्या ओपनमध्ये विसरलं. पहिले पाढे पंचावन्न! टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या, कारण त्या दर वेळी नुकत्याच सुरू केलेल्या व्हर्च्युअल मशीनवर चालायच्या आणि तिथली मेमरी बहुतेक कोरीच असते. स्लॅबमधल्या (कर्नलच्या छोट्या मेमरी तुकड्यांच्या साठ्यातल्या) जागा वापरून-सोडून पुन्हा हाती यायला लागल्या, की मग क्रॅश. तोही रोज वेगळ्या ठिकाणी. दुसऱ्या वेळी मी फील्ड भरत बसलो नाही.

शून्य म्हणजे सुरक्षित, असं मात्र समजू नका. यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) शून्य म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेला! फाइल शेअरिंगच्या कोडमध्ये ओळख ठेवणारं फील्ड नुसतं शून्यावर सोडणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. तिथे केझॅलॉकनंतरही इनव्हॅलिड यूआयडी स्वतःच्या हाताने लिहावा. लिस्ट हेड (यादीची सुरुवात) आणि स्पिनलॉक (एक प्रकारचं कुलूप) यांचंही तेच, त्यांना त्यांचं इनिट, म्हणजे सुरुवातीची मांडणी, लागतंच.

दिलेली प्रत्येक मेमरी आपोआप शून्याने भरणारा इनिट-ऑन-अलॉक हा बूट पर्याय लिनक्स ५.३ पासून आहे, पण त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. वापरणाऱ्याच्या मशीनवर तो चालू असेलच असं नाही, आणि आपल्या मशीनवर असला तर बग आपल्यालाच दिसत नाही.

वेगाबद्दल विचाराल तर मी काही मोजमाप केलेलं नाही. दर ओपनला एक छोटं स्ट्रक्चर पुसल्याने मला तरी फरक जाणवला नाही. रीडचे मोठे बफर वेगळे. ते डेटाने भरणारच असतील तर आधी पुसणं वाया जातं, फक्त जितकं वाचलं तितकेच बाइट बाहेर जातायत ना, ते पाहा. क्लायंटकडे जाणाऱ्या उत्तराच्या स्ट्रक्चरला मात्र मी डोळे झाकून शून्य करतो. राखीव फील्ड आणि मधलं पॅडिंग (फील्डांच्या मध्ये कंपायलरने सोडलेली जागा) कुणीच भरत नाही, आणि त्यातून कर्नलमधली मेमरी सरळ नेटवर्कवर जाते.

कदाचित तुमचं स्ट्रक्चर छोटं असेल आणि ते एकाच ठिकाणी तयार होत असेल. मग फील्ड भरलंत तरी बिघडत नाही. दोन किंवा जास्त ठिकाणी होत असेल तर मी केझॅलॉकच घेईन. कर्नलच्या जुन्या स्टेबल शाखेवरही (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्तीवर) माझा तो एका ओळीचा पॅच जसाच्या तसा बसला. फील्डवाला हाताने पुन्हा लिहावा लागला होता, कारण तिथे त्या फील्डचं नावच वेगळं होतं.